क्रूसापेक्षा आकाराची तयारी कर

पत्र: मी १८ वर्षांची, राहणार प्रतापनगर, नागपूर. बारावी झाली. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका कॅथॉलिक विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला जाते आहे. स्कॉलरशिप चांगली मिळाली म्हणून हे निवडलं. व्हिसा झाला. एकूण विद्यार्थी सात हजारांच्या आसपास. आजी म्हणते, "तिकडे बाटवतील." बाबा म्हणतात, "एवढंसं विद्यापीठ म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं कॉलेजच झालं." थिऑलॉजीचे (धर्मशास्त्राचे) दोन आणि फिलॉसॉफीचा एक विषय सक्तीचा आहे. पहिली दोन वर्षं हॉस्टेलमध्येच राहावं लागणार. मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. माझी शाळा कॉन्व्हेंट होती, म्हणजे मला तिथे फार वेगळं वाटणार नाही ना? जाण्याआधी नेमकं काय काय करू?

उत्तर: कॉन्व्हेंटचा प्रश्न आधी घेऊ. वेगळं वाटेल, आणि कॉन्व्हेंटमुळेच गफलत व्हायची शक्यता जास्त. नागपुरात कॉन्व्हेंट म्हणजे शिस्त: सकाळची प्रार्थना, नखं तपासणं, मॉरल सायन्सचा तास. हा शिक्का इतका पक्का बसलाय की गल्लीतल्या कुठल्याही इंग्रजी शाळेला आपण कॉन्व्हेंटच म्हणतो, मग ती कुणाची का असेना. तू जाते आहेस तिथे यातलं काही नाही. चर्चला कुणी पाठवत नाही, न गेल्याची नोंद कुणी ठेवत नाही. वर्गात भिंतीवर क्रूस असेल, आवारात चॅपल असेल, आणि चार वर्षांत त्या चॅपलात एकदाही पाऊल न टाकलेली मुलंही असतील. धर्म तुला मोजक्या ठिकाणी भेटेल: ते तीन विषय, हॉस्टेलचे काही नियम, मेसमधले काही शुक्रवार, दवाखाना आणि सुट्ट्या. विद्यापीठ मध्यम आकाराचं आहे, ही गोष्ट मात्र रोज सकाळी भेटेल. तयारी तिचीच जास्त लागते.

तरी आजीचं आधी. पाव विहिरीत टाकला आणि गाव बाटला, या गोष्टी ऐकत तिची पिढी वाढली. तिला सांग की आज एखाद्या मोठ्या माणसाला कॅथॉलिक व्हायचं असेल तर त्याने स्वतः जाऊन तसं मागावं लागतं, मग कित्येक महिने तयारीचे वर्ग, आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री. नकळत किंवा जेवणातून कुणी कॅथॉलिक होत नाही. १९६५ साली व्हॅटिकनच्या परिषदेने इतर धर्मांविषयी जे निवेदन काढलं त्यात हिंदू धर्माचा नावानिशी, आदराने उल्लेख आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये कॅथॉलिक विद्यापीठांसाठी नियम घालून दिले, त्यात प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखावा असं स्पष्ट लिहिलं आहे. वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन हे जेझुइट या कॅथॉलिक धर्मसंघाचं विद्यापीठ, अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथॉलिक विद्यापीठ. तिथे २०१६ पासून हिंदू विद्यार्थ्यांसाठी वेगळे धर्मगुरू नेमले आहेत. तुझ्या विद्यापीठात तसं नसेल, पण 'कॅम्पस मिनिस्ट्री' नावाचं ऑफिस असेलच. ध्यानाला किंवा पूजेला खोली हवी असेल तर तिथेच विचारायचं.

खरं सांगायचं तर सावध राहायची जागा दुसरीकडे आहे. विद्यापीठाशी संबंध नसलेले काही धार्मिक गट नव्या परदेशी विद्यार्थ्यांना विमानतळावरून आणतात, जुनं फर्निचर देतात, शुक्रवारी जेवायला बोलावतात. माणसं बहुधा मनापासून चांगली असतात, जेवणानंतर बायबलचा वर्गही असतो. जायचं असेल तर जा, पण "जेवणानंतर काय कार्यक्रम आहे?" हे आधी विचारून घे. नाही म्हटल्याचा त्यांना राग येत नाही.

चॅपलात मैत्रिणीबरोबर कधी गेलीस तर एक चूक टाळ. मिसाच्या, म्हणजे त्यांच्या सामूहिक उपासनेच्या, शेवटी सगळे रांगेने पुढे जाऊन पातळ गोल भाकर घेतात. आपल्याला तो प्रसाद वाटतो आणि हात आपोआप पुढे होतो. तो प्रसाद नव्हे, तो फक्त कॅथॉलिक लोकांनी घ्यायचा असतो. जागेवर बसून राहा, किंवा रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धर, म्हणजे पाद्री नुसता आशीर्वाद देतात. बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं. गुडघे टेकायची सक्ती नाही. दानाची टोपली आली की पुढे सरकवली तरी चालते. आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एका बुधवारी निम्म्या वर्गाच्या कपाळावर राखेचा क्रूस दिसेल. अंगारा लावतो तसंच ते. "तुझ्या कपाळाला काहीतरी लागलंय" म्हणून पुसायला जाऊ नकोस.

आता थिऑलॉजी. साधारण तीन क्रेडिटचा (म्हणजे आठवड्याला तीन तास वर्गाचा) विषय, दर आठवड्याला तीस-चाळीस पानं वाचन, सेमिस्टरमध्ये हजार-दीड हजार शब्दांचे दोन-तीन निबंध, आणि वर्गात बोलण्याला गुण. तुझी श्रद्धा काय आहे हे कुणी तपासत नाही, दिलेला मजकूर तू कसा वाचतेस ते तपासतात. आपल्या मुलांचे गुण कुठे जातात तेही ठरलेलं आहे. एक, निबंधाऐवजी सारांश लिहितात. दोन, "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" हे वाक्य. नागपुरात त्यावर टाळी मिळते, तिथे समासात "कुठे? कसं?" एवढंच लिहून येतं. तीन, बायबलचा दाखला देताना पुस्तक, अध्याय, ओवी लिहीत नाहीत. 'मत्तय ५:३' अशी पद्धत असते आणि भाषांतर कुठलं वापरायचं ते शिक्षकांनी सांगितलेलं असतं; इंटरनेटवरचं हाताला लागेल ते चालत नाही.

पहिला विषय बहुधा ठरवून दिलेला असतो, दुसरा यादीतून निवडता येतो. त्यात तुलनात्मक धर्म किंवा सामाजिक न्याय असं काही असेल तर ते घे, कारण तिथे तुझ्या गाठीला वर्गातल्या कुणाकडे नसलेलं काही असेल. दीक्षाभूमी तुझ्या घरापासून लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे काय घडलं आणि का घडलं, हे लॅटिन अमेरिकेतल्या गरिबांच्या मुक्तीच्या थिऑलॉजीशेजारी ठेवून वाचलं तर उत्तम निबंध होतो. ताजबागचा दर्गाही आहेच, जिथे सगळ्या धर्मांची माणसं जातात. जाण्याआधी एकदा दोन्हीकडे जाऊन ये, तिथे जे पाहशील ते लिहून ठेव. हे विषय शेवटच्या वर्षावर ढकलू नकोस. प्रोजेक्ट आणि नोकरीच्या मुलाखतींच्या गर्दीत निबंध लिहायला डोकं राहत नाही. फिलॉसॉफीत तंत्रज्ञानाचं नीतिशास्त्र धरत असतील तर ते घे, नाहीतर तर्कशास्त्र.

बाबांची अडचण 'विद्यापीठ' या शब्दाने केली आहे. १९२३ साली स्थापन झालेलं आपलं नागपूर विद्यापीठ म्हणजे शेकडो कॉलेजांना संलग्नता देणारी आणि परीक्षा घेणारी संस्था. शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा. तिकडे तिन्ही एकच. तिथे विद्यापीठांचे गट पाडणारं कार्नेगी वर्गीकरण आहे, त्यात सात हजार विद्यार्थी म्हणजे मध्यम आकार धरतात. आकार लहान म्हणजे दर्जा कमी, असा हिशेब तिथे लागत नाही.

फायदा असा की पहिल्या वर्षाच्या वर्गातही बऱ्याचदा वीस-तीसच मुलं असतात आणि शिक्षकांना तिसऱ्या आठवड्यात तुझं नाव माहीत असतं. तोटाही त्यातच आहे: शेवटच्या बाकावर लपता येत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक विषयाचा 'सिलॅबस' मिळतो. आपल्यासारखी धड्यांची यादी समजू नकोस. त्यात हजेरीचा नियम, उशिराची कपात, कशाला किती टक्के, कोणत्या तारखेला काय द्यायचं, सगळं लिहिलेलं असतं. पाचही विषयांच्या तारखा त्याच रात्री एका कॅलेंडरवर उतरव. शिक्षकांच्या 'ऑफिस अवर्स'मध्ये (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत) दुसऱ्या आठवड्यातच एकदा जाऊन ये, प्रश्न छोटा असला तरी चालेल. मार्क गेल्यावर पहिल्यांदा तोंड दाखवणाऱ्याला मदत कमी मिळते असं नाही, पण तोवर उशीर झालेला असतो. बोलवायचं कसं? 'सर-मॅडम'ऐवजी 'प्रोफेसर' आणि आडनाव. नावापुढे एस.जे. असेल तर ते जेझुइट, ओ.पी. असेल तर डॉमिनिकन, सी.एस.सी. असेल तर होली क्रॉसचे. हे सगळे कॅथॉलिक धर्मसंघ; त्यांतल्या पाद्र्यांना 'फादर' म्हटलं तरी चालतं.

मध्यम विद्यापीठाची खरी खोच वेळापत्रकात असते. मोठ्या ठिकाणी एकच विषय दर सेमिस्टरला चार वेळांना मिळतो. इथे डेटा स्ट्रक्चर्स कदाचित फक्त ऑगस्टच्या सेमिस्टरला असेल आणि त्याआधीचा प्रोग्रामिंगचा विषय पास नसेल तर प्रवेश नाही. एक कडी चुकली की वर्ष जातं. म्हणून जाण्याआधीच विद्यापीठाचा विषयांचा कॅटलॉग उघडून चार वर्षांचा तक्ता मांड: पदवीला साधारण १२० क्रेडिट, म्हणजे आठ सेमिस्टर, दर सेमिस्टरला १५. कोणता विषय कशानंतर आणि कोणत्या सेमिस्टरला, हे प्रत्येकासमोर लिही. साखळीची पहिली कडी म्हणजे गणिताची प्लेसमेंट टेस्ट, जी बहुधा उन्हाळ्यातच घरून द्यायची असते. बारावी झाली म्हणून ती सहज घेतली आणि कमी पडली तर कॅल्क्युलसच्या खालचा वर्ग मिळतो, आणि पुढचं सगळं एक सेमिस्टर सरकतं. कॅल्क्युलेटर न वापरता आठ दिवस सराव कर.

१५ क्रेडिट म्हणजे आठवड्याला १५ तास वर्ग आणि तिथल्या हिशेबाने त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास. एकूण ४५ तास. एखादा विषय जड गेला तर सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत तो काढता येतो, नंतर काढला तर निकालपत्रावर 'डब्ल्यू' (विषय सोडल्याची खूण) राहतो. पण तुझ्या एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाला दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट हवेत आणि त्यात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. म्हणून विषय काढण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसची परवानगी घ्यायची. काढून मग सांगितलं तर व्हिसाचा दर्जा आधीच मोडलेला असतो.

एकटं पडण्याचं तू विचारलं नाहीस, पण मध्यम आकाराचा सगळ्यात मोठा परिणाम तोच. तिथे मराठी बोलणारं कदाचित कुणीच नसेल. भारतीय मंडळ असलंच तर 'साउथ एशियन' नावाखाली वीस-पंचवीस जणांचं. दिवाळी ऐन सेमिस्टरमध्ये येते. कार्यक्रमाला हॉल आणि पैसे विद्यार्थी परिषदेकडून मिळतात, पण ऑक्टोबरात मागायला गेलं तर हॉल कधीच गेलेला असतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विचार. क्लबांच्या मेळ्यात आठ ठिकाणी नाव देण्यापेक्षा दोनच ठिकाणी दे आणि दर आठवड्याला जा, कारण छोट्या आवारात तेच चेहरे रोज भेटतात आणि ओळखीचं मैत्रीत रूपांतर त्यानेच होतं. कॅथॉलिक विद्यापीठात समाजसेवेचा भाग मोठा असतो: शाळेत शिकवणं, अन्नवाटप केंद्रावर काम. आठवड्याचे दोन तास त्यात घाल. पगार नसल्याने व्हिसाला अडचण नाही, आणि आवाराबाहेरचं गाव कळतं.

पगाराचं काम आवारातच, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. जाहिरातींवर 'वर्क-स्टडी' लिहिलेलं दिसलं की सोड, ती सरकारी मदत अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी असते. ग्रंथालय, जिमचं काउंटर, मेस इथल्या जागा पहिल्या दोन आठवड्यांत भरतात.

जेवणाचं नीट ऐक. तिथे 'व्हेजिटेरियन' म्हणजे अंडं चालतं. सूप चिकनच्या पाण्यात शिजलेलं, भात त्याच पाण्यातला, राजम्यात डुकराची चरबी, हे सगळं होऊ शकतं आणि पाटीवर दिसत नाही. 'व्हीगन' पाटी तुझ्यासाठी जास्त खात्रीची, दूध-दही वेगळं घ्यायचं. मेसचे आहारतज्ज्ञ असतात, पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटून "अंडं, मासा, मांस, त्यांचं पाणी आणि चरबी नको" हे लिहून दे. आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात दर शुक्रवारी मेसमध्ये बहुधा मांस नसतं, तेव्हा हुरळून जाऊ नकोस: त्यांच्या हिशेबात मासा मांसात मोडत नाही. त्या दिवशी विचारल्याशिवाय काहीही ताटात घेऊ नको. तिखट कशालाच नसेल, ते तर नागपूरकराला सांगायलाच नको. घरचं तिखट आणि काळा मसाला अर्धा-अर्धा किलो, घट्ट सील करून ने. कढीपत्ता आणि संत्री अजिबात नेऊ नकोस. ताजी फळं आणि लिंबूवर्गीय पानं तिथल्या कस्टम्समध्ये अडतात. बाकी खाण्याचं जे असेल ते विचारल्यावर सरळ सांगायचं, लपवलेलं सापडलं की दंड.

हॉस्टेलमध्ये बहुधा दोघींत एक खोली. मुलांना मुलींच्या खोलीत रात्री ठरावीक वेळेनंतर थांबता येत नाही, हा नियम कॅथॉलिक विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी अजून आहे. आजीला हे आवर्जून सांग. देवाचा फोटो ठेव, पण दिवा आणि उदबत्ती नाही: धुराचा अलार्म वाजला की सगळी इमारत रात्री थंडीत बाहेर. पाणी तापवायचा रॉड, शेगडी, इंडक्शन यांना मनाई असते. शिवाय तिथली वीज १२० व्होल्टची, त्यामुळे आपली २३० व्होल्टची इस्त्री तिथे पाव ताकदीनेच तापेल आणि मिक्सर नीट चालणार नाही. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त पिन बदलायची. गादी 'ट्विन एक्सएल' असते, ३८ बाय ८० इंच. इथून सिंगल बेडची चादर नेली तर लांबीला कमी पडते. ती तिथेच घे. जाड जॅकेटही सीताबर्डीवरून घेऊ नकोस, तिकडच्या थंडीला पुरत नाही. ऑक्टोबरात तिथेच घे. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला हॉस्टेल बंद होतं का, राहायचं तर अर्ज कधी करायचा, हे ऑगस्टमध्येच विचार.

दवाखान्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. कॅथॉलिक विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात गर्भनिरोधक गोळ्या बऱ्याच ठिकाणी मिळत नाहीत. पीसीओडी किंवा पाळीच्या त्रासासाठी तू अशा गोळ्या घेत असशील तर आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरांकडून घे. उपचार म्हणून त्या देण्याला चर्चचीही हरकत नसते. कुठलंही नेहमीचं औषध तीन महिन्यांचं, मूळ वेष्टनात, चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव असू दे. दात इथेच दाखवून घे, विद्यार्थ्यांच्या विम्यात बहुधा दात नसतात. आजारी पडलीस तर आधी आरोग्य केंद्र, ते बंद असेल तर 'अर्जंट केअर' (तातडीच्या पण साध्या आजारांचं क्लिनिक), आणि जिवावरचं असेल तरच इमर्जन्सी. बिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बाबांसाठी एक: तिथल्या कायद्याने तुझे गुण, हजेरी, फी यांची माहिती तुझ्या लेखी संमतीशिवाय पालकांनाही देत नाहीत. त्यांनी रजिस्ट्रारला ईमेल केला तर उत्तर येणार नाही, आणि त्यात अपमान काही नाही. फी ते भरणार असतील तर पोर्टलवर त्यांना 'ऑथोराइज्ड युजर' करून दे. गुण दाखवायचे की नाही, हे निघण्याआधी घरात बोलून ठरवा.

या सगळ्यात आज करायचं काम एकच, लसींचं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआरचे दोन डोस लागतात, दोन्हींत किमान २८ दिवस हवेत. लहानपणीचं कार्ड शोध. त्यावर नुसतं गोवर-रुबेला असेल तर गालगुंड राहिलेला धरतात. मेनिंजायटिसची लसही बहुधा मागतात. टीबीची तपासणी सांगितली तर कातडीची टाळून रक्ताची मागून घे, कारण लहानपणीच्या बीसीजीमुळे कातडीची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेच्या फेऱ्या. फॉर्मवर तारीख लिहिताना महिना अक्षरात लिही. ४/७ म्हणजे आपल्याला चार जुलै, त्यांना सात एप्रिल. कागद अपुरे असले की पोर्टलवर 'होल्ड' लागतो, होल्ड असताना विषय नोंदवता येत नाहीत, आणि तुझ्या आकाराच्या विद्यापीठात डेटा स्ट्रक्चर्सच्या तीस जागा तोवर भरलेल्या असतात. निघायची तारीख कॅलेंडरवर बघ, तिथून मागे २८ दिवस मोज, आणि कार्ड घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा.